घरातला नाणेसंग्रह: जपणूक, मांडणी आणि वारसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रदर्शनात, फोनवर, लग्नाच्या पंगतीत गाठून लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या घरगुती संग्रहाला धरून आहेत. संग्रहालयाचे नियम घरी पाळता येत नाहीत, आणि पाळायची गरजही नसते. कायद्याचा प्रश्न आला आणि रक्कम मोठी असली तर वकील किंवा सीए गाठावा.

१. आजोबांच्या ट्रंकेत नाण्यांचा डबा सापडला. आधी काय करू?

काहीही धुऊ नका आणि काहीही वेगळं करू नका. डबा उघडल्यावर जसा दिसतो तसाच त्याचा फोटो काढा. मग प्रत्येक पुरचुंडी सोडण्याआधी तिचा. जुन्या माणसांनी नाणी कापडात, तपकिरीच्या डबीत, औषधाच्या बाटलीत ठेवलेली असतात, आणि एका पुरचुंडीतली नाणी एकाच ठिकाणाहून आलेली असण्याची शक्यता बरीच असते. सगळं परातीत ओतून तांब्याचा एक ढीग, चांदीचा एक ढीग असं केलं की तो धागा तुटला. चिठ्ठ्या, पाकिटं, सराफाच्या पावत्या ज्या नाण्याबरोबर होत्या त्याच्याबरोबरच राहू द्या. चिठ्ठी मोडीत असली तरी टाकू नका. मोडी वाचणारी माणसं आजही मिळतात.

त्यानंतर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून एकेक नाणं दाखवा आणि ते काय सांगतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. हे काम याच आठवड्यात करा. नाणी थांबतील. भाव किती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

नाणं नेहमी कडेने धरावं, दोन बोटांत, आणि खाली मऊ कापड अंथरावं. बोटांच्या घामाचा ठसा तांब्यावर कायमचा उमटतो.

२. चिंच लावून घासलं तर नाणं नव्यासारखं होतं. मग घासायला हरकत काय?

भांड्याला हरकत नाही, नाण्याला आहे. चिंच, लिंबू, रांगोळी, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावलं की वरचा पातळ थर जातो, आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही झिजतात. तांब्यावरचा चॉकलेटी थर आणि चांदीवरचा करडा थर बनायला पन्नास-शंभर वर्षं लागलेली असतात. तो अस्सलपणाचा पुरावाही असतो. घासलेलं नाणं जाणकाराला हातभर अंतरावरून ओळखू येतं आणि त्याचा भाव घसरतो, कधीकधी नुसत्या धातूच्या भावापर्यंत.

माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस भिजवा, पाणी रोज बदला आणि मऊ कापडाने टिपून घ्या. टिपायचं, पुसायचं नाही. प्लास्टिकच्या पाकिटामुळे आलेला चिकट हिरवा लेप शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात इतर बरंच काही असतं. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, तेव्हा गॅसजवळ नको, खिडकी उघडी हवी. याहून जास्त काही करावंसं वाटलं तर नाणं खाली ठेवा आणि चहा घ्या.

३. अल्बम घेतला, पण वर्षभरात नाणी चिकट झाली. का?

अल्बमची पानं पीव्हीसीची असणार. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, लवचिक, नव्या रेनकोटसारखा वास येणारे अल्बम बहुधा तसेच असतात. पीव्हीसी हळूहळू विघटित होतं, त्यातून आम्ल सुटतं आणि ते तांब्याला आधी खातं. चांदीही सुटत नाही.

घेताना पॉलिप्रोपिलीन, पॉलिएथिलीन किंवा मायलरचं मागा. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर स्वस्त आणि चांगले असतात. मात्र स्टेपलची पिन पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर ती शेजारच्या नाण्यावर ओरखडा पाडते. पिन काढतानाही सांभाळून, कारण बरेच ओरखडे तेव्हाच पडतात. मोजक्या चांगल्या नाण्यांसाठी कडक प्लास्टिकच्या गोल कॅप्सूल घ्या. सगळ्यांसाठी घ्यायची गरज नाही.

४. आम्ही रत्नागिरीला राहतो. पावसाळ्यात काय करायचं?

कोकण, मुंबई आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हाच नाण्यांचा खरा शत्रू. दमट हवेत मीठही असतं. नाणी होल्डरमध्ये, होल्डर घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, अशी व्यवस्था मे महिन्यातच करा आणि मग गणपतीपर्यंत डबा शक्यतो उघडू नका. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते ओलं झालेलं कळतं. मंद आचेवर तापवलं की पुन्हा वापरता येतं. लहान मुलांपासून मात्र दूर ठेवा.

डबा बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका, कारण ती भिंत ओल धरते. प्लायवूडच्या नव्या कपाटातल्या गोंदातून वाफा सुटतात, त्यापेक्षा जुनं लोखंडी गोदरेजचं कपाट बरं. आणि डब्यात काय नको, तर रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकर. यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. डांबराच्या गोळ्या आणि कापूर कपड्यांसाठी ठीक आहेत, नाण्यांच्या प्लास्टिकजवळ नकोत.

५. तांब्याच्या नाण्यावर हिरवा रंग आला आहे. वाईट आहे का?

हिरवा रंग गुळगुळीत आणि नाण्याला घट्ट बसलेला असेल तर घाबरू नका, तो जुन्या तांब्याचा नेहमीचा कळंक आहे. फिकट हिरवी पूड असेल, नखाने उकरल्यावर झडत असेल आणि काही दिवसांनी पुन्हा येत असेल, तर क्षाराने धातू आतून खाल्ला जातो आहे. ते नाणं ताबडतोब वेगळ्या कोरड्या डबीत ठेवा आणि संग्रहालयातल्या जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. यावर घरगुती उपाय नाही.

६. देवघरातली चांदीची नाणी पंचामृताने धुतो, हळदकुंकू वाहतो. बंद करायचं का?

नाही. ती नाणी पूजेचीच आहेत आणि त्यांच्यावरची हळद हा त्यांच्या इतिहासाचा भाग आहे. एवढंच करा की पूजेसाठी ठरावीक पाच-सात नाणी ठेवा आणि दर दिवाळीला तीच वापरा. संग्रहातली चांगली नाणी लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडू नका. पूजेनंतर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून ठेवा. दूध आणि दही अक्षरांच्या खाचांत राहिलं की तिथेच डाग पडतो.

सासूबाईंच्या हयातीत यातलं कोणतं नाणं किती दुर्मिळ आहे हे शोधत बसू नये, असं माझं मत आहे.

७. आजीच्या माळेत राणीछाप रुपये आहेत, कडी लावून. कडी काढून घेऊ?

काढू नका. कडी जोडायला डाग (झाळ) दिला तेव्हाच नाण्याची कड बदलली. आता कडी काढली तर दागिनाही जाईल आणि नाणंही तसंच डागी राहील. पुतळ्यांच्या माळेचंही तेच. संग्राहकाच्या बाजारात कडी लावलेल्या नाण्याला कमी भाव येतो, पण दागिना म्हणून माळेची किंमत वेगळी ठरते. दागिना दागिनाच राहू द्या, त्याची वाटणीही नाण्यांत न धरता दागिन्यांत करा.

८. नोंदवहीत काय लिहायचं? नाणी तर समोर आहेतच.

या संपूर्ण पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. संग्रह करणारा गेला की नाणी राहतात, पण कोणतं नाणं का ठेवलं होतं हे त्याच्याबरोबर जातं. मग वारसांच्या हाती उरतो वजनाने मोजायचा धातू.

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या. तोच क्रमांक होल्डरवर आणि तोच वहीत. होल्डरवर नाणं आत घालण्याआधी लिहा, नाहीतर पेनाचा दाब नाण्यावर उमटतो. वहीत धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा मजकूर, साल, टांकसाळ आणि शेवटी सगळ्यात मोलाची गोष्ट: कुठून आलं, कधी, कितीला. ‘आत्याच्या सासरहून, नाशिक, तिच्या सासऱ्यांना जत्रेत मिळालेलं’ ही ओळ कोणत्याही कॅटलॉगमध्ये सापडणार नाही.

वजनासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो. ब्रिटिशकालीन रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. त्यात बरीच तफावत दिसली तर शंका घ्या. सालही नीट वाचा. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. एकाच पेटीतले दोन जॉर्ज राजे वरून सारखे दिसतात, धातूत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते. पत्त्यांतल्यासारखी चौकट दिसली तर मुंबई, तारा दिसला तर हैदराबाद, ठिपका दिसला तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. मुलांना भिंग देऊन हे काम सांगा, रविवारची दुपार जाते.

वही हाताने लिहा आणि पानांचे फोटो दोन ठिकाणी ठेवा. नुसत्या मोबाइलमधल्या यादीचा पासवर्ड कोणाला माहीत नसतो. दर काही वर्षांनी एक गोष्ट वहीत घाला: आज विकायचं झालं तर कोणाला विचारावं.

९. आमच्याकडे शिवराई आहे. महाराजांच्या काळातलीच ना?

कदाचित, पण बहुधा नाही. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं. पण हाच मजकूर ठेवून पुढे पेशवाईत आणि नंतरही शिवराया पाडल्या गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकातही त्या बाजारात चालत होत्या. अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही उशिराची. अक्षराचं वळण, बिंदूंचं वर्तुळ आणि वजन पाहून जाणकार काळ सांगतात.

वहीत ‘शिवराई, काळ अनिश्चित’ असं लिहा. ‘शिवाजी महाराजांचं नाणं’ असं लिहून ठेवलंत तर नातवंडं त्यावरून भांडतील. उशिराची असली तरी ती कुणा शेतकऱ्याच्या कनवटीला फिरलेली आहे, तिचा मान कमी होत नाही.

१०. लॉकरमध्ये ठेवू की घरी?

महागडी मोजकी नाणी लॉकरमध्ये, बाकी घरी. लॉकरचा समज मात्र दुरुस्त करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते. भूकंप-पुरासारख्या आपत्तीत तीही नाही. आत काय ठेवलं आहे याची नोंद बँकेकडे नसते, म्हणून तुमच्या वहीत हवी. लॉकरमध्येही सिलिका जेल ठेवा, तळघरातले लॉकर चांगलेच दमट असतात.

साध्या घरविम्यात नाणी बहुधा आपोआप धरली जात नाहीत. यादी आणि मूल्यांकन देऊन ती वेगळी जाहीर करावी लागतात.

११. नाणी दिवाणखान्यात फ्रेम करून लावायची आहेत. कशी लावू?

गोंद नको, दुहेरी टेप नको, आणि मखमल नको. पुठ्ठ्याला नाण्याच्या मापाची भोकं पाडून कॅप्सूलसकट नाणी बसवा. दुसरी बाजू दिसत नाही, तर तिचा मोठा फोटो खाली लावा. फ्रेम उन्हाच्या भिंतीवर किंवा एसीच्या झोताखाली नको.

काय लावायचं, याबद्दल थोडं सांगतो. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात महाग नाणं लावायचा मोह होतो, पण पाहुणा दोन मिनिटंच पाहतो. त्यापेक्षा हिशेब दिसेल अशी मांडणी करा. मध्ये एक रुपया, भोवती सोळा आणे, एका आण्याशेजारी त्याचे चार पैसे, एका पैशाशेजारी तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै, सगळं नजरेसमोर. शेजारच्या फ्रेममध्ये १ एप्रिल १९५७ नंतरचे ‘नये पैसे’, शंभराला रुपया. १९६४ मध्ये त्यातलं ‘नये’ गेलं, तीही नाणी लावा. सोळा आणे खरं, पैची किंमत नाही, हे आपण रोज म्हणतो. मुलं विचारतात, मग आजोबा बोलू लागतात.

अस्सल दुर्मिळ नाणं भिंतीवर नको. तिथे त्याचा फोटो चालतो. घराचा पत्ता कळेल असे संग्रहाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

१२. शाळेत दाखवायला न्यायची आहेत. मुलं हातात घेणारच.

घेऊ द्या, पण त्यासाठी वेगळा डबा करा. अ‍ॅल्युमिनियमची १, २, ३, ५, १० आणि २० पैशांची नाणी स्वस्तात मिळतात आणि तीन पैशांचं नाणं असतं यावरच मुलांचा विश्वास बसत नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, हेही सांगा.

१३. देवीचं चित्र असलेल्या नाण्याला दहा लाख मिळतात असा मेसेज आलाय. खरं का?

नाही. वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं सर्रास मिळतं. आधी ‘नोंदणी शुल्क’ मागणारा माणूस खरेदीदार नसतोच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल जाहीर सूचना दिली होती. तसंच ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ आणि वर राम-सीता किंवा हनुमान असलेली तांब्याची चकती हे कंपनीचं नाणंच नव्हे, ती नंतर बनवून विकलेली वस्तू आहे. आजोबांनी जपली असेल तर जपा, पण वारसांना खोटी आशा लावू नका.

१४. तीन मुलं आहेत. वाटणी कशी करू?

मोजून तीन भाग करू नका. सोळा सालांची मालिका तीन घरांत गेली की तिन्ही घरांत अपुरी राहते. ज्याला खरोखर गोडी आहे त्याला संग्रह द्या आणि इतरांना तेवढ्या किमतीचं दुसरं काही. तिघांनाही हवी असतील तर विषयाप्रमाणे भाग करा: मराठेशाही एकाकडे, ब्रिटिश दुसऱ्याकडे, स्वतंत्र भारत तिसऱ्याकडे. कोणी काय घ्यायचं ते आळीपाळीने निवडू द्या, आणि धाकट्याला आधी.

स्वकष्टाने जमवलेल्या संग्रहाचं मृत्युपत्र करता येतं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि साक्षीदार लाभार्थी नसलेले बरे. त्यात ‘माझी नाणी’ एवढंच न लिहिता वहीचा उल्लेख करा (प्रश्न ८). लॉकरचा नॉमिनी मालक होत नाही. तो फक्त लॉकर उघडून वस्तू ताब्यात घेतो, मालकी वारसांचीच. हा गैरसमज इतक्या घरांत भांडणं लावतो की मृत्युपत्रात एक ओळ जास्त लिहिलेली बरी.

१५. आम्ही गोव्याचे. वरचं सगळं आम्हाला लागू आहे?

मृत्युपत्राचा भाग लागू नाही. पोर्तुगीज काळापासून आलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांसारख्या वारसांचा निम्म्या मालमत्तेवर राखीव हक्क असतो. मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतो तो उरलेला निम्मा. शिवाय लग्नाआधी वेगळा करार नसेल तर बहुतेक जोडप्यांची मालमत्ता सामाईक असते, म्हणजे संग्रहातला अर्धा वाटा आधीच जोडीदाराचा. सगळा संग्रह एकाच पुतण्याला द्यायचा बेत असेल तर गोव्यातल्या वकिलाला विचारूनच करा.

१६. मुलगी अमेरिकेत आहे. नाणी तिच्याकडे पाठवू का?

१०० वर्षं पूर्ण झालेलं नाणं नाही. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ नुसार ते पुरावशेष ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. नाणं घरचं असलं, पणजीने दिलेलं असलं, तरी नाही. ही मर्यादा दरवर्षी एका सालाने पुढे सरकते, म्हणून आज चालणारं नाणं दहा वर्षांनी चालेलच असं नाही. पोर्तुगालला नातेवाईक असलेल्या गोंयकारांनीही हे ध्यानात ठेवावं: पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या नाण्यांपैकी १९१२ चा रुपिया बॅगेत घालता येत नाही, १९५८ च्या एस्कुदोला ही वयाची अट लागत नाही.

मुलीला वही आणि फोटो द्या, नाणी इथल्या नातलगाकडे तिच्या नावाने ठेवा.

१७. कोणालाच रस नाही. विकू की संग्रहालयाला देऊ?

विकायचं तर सराफाकडे वजनावर नको. नाण्यांच्या लिलावगृहाकडे किंवा डीलरकडे जा आणि किमान दोघांचा अंदाज घ्या. पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, तो पाहायला मागा. आधी चांगली नाणी निवडून घेऊन ‘बाकीची नंतर बघू’ म्हणणाऱ्याला पूर्ण संग्रह दाखवू नका.

द्यायचं तर आधी पत्र पाठवा, पेटी घेऊन थेट दारात उभे राहू नका. संग्रहालयांना तुमच्याकडच्या सगळ्याच नाण्यांची गरज नसते. पण नोंदी असलेला, एका गावाचा किंवा एका घराण्याचा संग्रह असेल तर संशोधकांना त्यात रस असतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. नाणी कायम प्रदर्शनात राहतील अशी अट घालू नका, ती कोणी मान्य करत नाही. दाता म्हणून नोंद राहील आणि वहीची प्रत सोबत राहील, एवढं मागा.

१८. वाड्याचा पाया खणताना मडकं सापडलं. ते संग्रहात धरू?

अजिबात नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. भाऊबंदांत आधी वाटून मग कळवणं हाही गुन्ह्याचा रस्ता. मडकं आहे तसं ठेवा, नाणी मोकळी करू नका, खणलेली जागा दाखवता येईल अशी ठेवा.

१९. वारसाने मिळालेल्या नाण्यांवर कर लागतो का?

मृत्युपत्राने, वारसाने किंवा जवळच्या नातलगाकडून भेट मिळताना सहसा नाही. विकताना झालेल्या नफ्यावर लागू शकतो, म्हणून खरेदीच्या पावत्या जपा (प्रश्न १ आणि ८).

२०. नाण्यांबरोबर जुन्या पाचशे-हजाराच्या नोटाही आहेत. ठेवल्या तर चालतील?

मोजक्याच चालतील. नोटाबंदीनंतरच्या २०१७ च्या कायद्यानुसार, बंद झालेल्या नोटा एकूण १० पर्यंत ठेवता येतात, अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर दंड होऊ शकतो. वडिलांच्या कपाटातल्या गठ्ठ्यातून तेवढ्या बाजूला काढा, वेगवेगळ्या क्रमांकांच्या आणि स्वच्छ, आणि उरलेल्यांचं काय करायचं ते वकिलाला विचारा.